प्रवाळावरचा नांगर

"मला लई भ्याव वाटतं बघा," असं भर कॅन्टीनमध्ये मोठ्यानं सांगणारा वेल्डर मी दुसरा पाहिला नाही. तुम्ही कारखान्यात काम केलं असेल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथं भीती लपवायची असते. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो; ते लपवत नसत. लिफ्टला भ्यायचे, कुत्र्याला भ्यायचे, आणि गॅसची नळी तीनदा तपासल्याशिवाय ठिणगी पाडायचे नाहीत.

वाळूजला आम्ही एकाच शेडमध्ये होतो, बजाजनगरला समोरासमोर राहायचो. त्यांची सगळ्यात मोठी भीती पाण्याची. लहानपणी पाचोडला त्यांचा थोरला भाऊ त्यांच्या डोळ्यांदेखत विहिरीत बुडाला होता.

म्हणून मालवणच्या सहलीत ते होडीत चढले याचंच आम्हाला नवल वाटलं. होडीवाल्यानं समजूत घातल्यावर जॅकेट घालून ते पाण्यात उतरले आणि होडीची कड घट्ट धरून त्यांनी पाण्यात तोंड घातलं. खाली प्रवाळ होतं. तोंड वर काढलं ते हसतच.

"रानात आल्यावानी वाटतं की!"

"ह्यां दगड न्हय मामा, जितां आसा," होडीवाला म्हणाला.

त्या रंगांमधून एक लांब पांढरा ओरखडा गेला होता. कशाचा, म्हणून विचारलं, तर म्हणाला, नांगराचा. होडी थांबवायला पाण्यात टाकतात त्या लोखंडी आकड्याला तिकडं नांगर म्हणतात. मामांचा चेहरा उतरला. "आमच्याकडं नांगरल्यावर पेरतेत. हितं काय उगवायचं?"

तेवढ्यात पर्यटकांची दुसरी होडी आली. तिच्यावरच्या माणसानं टाकायला नांगर उचलला. मामा ओरडले, पण त्या होडीवरच्या गाण्यांच्या गोंगाटात ऐकतो कोण? आणि मामांनी कड सोडली. हातपाय झोडत ते त्या नांगराच्या बरोबर खाली जाऊन तरंगत राहिले.

नांगर डोक्यात पडला असता तर? तो पडला नाही, पण प्रवाहानं त्यांना खडकांकडं ओढलं. लाटेत डोकं दिसायचं, नाहीसं व्हायचं. मला पोहता येत नाही. मी नुसता "मामा, मामा" करत राहिलो. होडीवाल्यानं उडी टाकून त्यांना ओढून आणलं. ओकून झाल्यावर, दातावर दात आपटत असताना त्यांनी एवढंच विचारलं, "टाकला का त्यानं?"

"नाय टाकल्यान," होडीवाला म्हणाला.

त्यानंतर सुटीच्या दिवशी मामा लोखंडी कड्या आणि साखळ्या जोडू लागले. प्रवाळ नसलेल्या वाळूत वजन पुरायचं, त्याला साखळीनं पिंप तरंगत ठेवायचं आणि होड्या त्या पिंपाला बांधायच्या, हे होडीवाल्यानं सुचवलेलं. दरवर्षी दोन एसट्या बदलून मामा मालवणला जात. "चाललो. पाय लटलटाय लागलेत," असं दारातून सांगून जात. ते परत येईपर्यंत मला चैन पडत नसे.

एका कडक उन्हाळ्यात त्यांनी मलाही सोबत नेलं. पुढच्या हिवाळ्यात हृदयविकारानं ते गेले, त्यामुळं ती आमची शेवटची खेप ठरली. पिंपं जागच्या जागी होती. खालचं प्रवाळ मात्र पांढरं पडलं होतं, चुना फासल्यासारखं. एकाही नांगरानं त्याला शिवलं नव्हतं. पाणीच तापलं होतं.

मामा पाण्यात उतरले. त्यांच्या कमरेला दोर होता, त्याचं टोक होडीत माझ्या हातात. बराच वेळ ते हलेनात. मी घाबरून दोर ओढला, तेव्हा त्यांनी डोकं वर काढलं.

"सगळां मेला नाय," होडीवाला म्हणाला. "पाणी थंड झाला तर थोडा जगतला."

"तवर आपण काय करायचं?" मामांनी विचारलं.

"वाट बघूची."

मामांनी माझ्याकडं पाहिलं. डोळे लाल झाले होते.

"आत्ताच वर घेऊ नको, बाबा," ते म्हणाले आणि त्यांनी पुन्हा पाण्यात तोंड घातलं. त्यांची थरथर दोरातून माझ्या तळव्यांपर्यंत येत होती. मी दोन्ही हातांनी दोर धरून उभा राहिलो.