आईला बरणीत ठेवलंय

पोरांना खाऊ घालण्याच्या बाबतीत माझा शब्द शेवटचा असतो. असणारच! जव्हारजवळच्या एका पाड्यावर मी अंगणवाडी सेविका आहे. वरचं खाणं कधी सुरू करायचं, पेज किती घट्ट ठेवायची, नागलीचं, म्हणजे नाचणीचं, सत्त्व कसं काढायचं, हे मी आयाबायांना इतक्या अधिकारानं सांगते की त्या माना डोलावतात आणि घरी जाऊन सासूचं ऐकतात. (तो भाग वेगळा.)

तर अशा माझ्या हाती आमच्या आप्पांनी, म्हणजे सासऱ्यांनी, त्यांची पोरं सोपवली. पोरं म्हणजे माशांची. आप्पा एसटीत कंडक्टर होते. जन्मभर ओरडून ओरडून बोललेला माणूस, पण सासूबाई गेल्या आणि त्यांचं बोलणंच आटलं. ‘जेवायला चला’ म्हटलं तर ‘हं’. ‘झोपा आता’ म्हटलं तरी ‘हं’. मग कुठूनशी त्यांनी फायटर माशांची एक जोडी आणली आणि आप्पा पुन्हा बोलायला लागले. आमच्याशी नव्हे, माशांशी! पण घरात त्यांचा आवाज आला, हेच आम्हाला पुष्कळ होतं.

यथावकाश टबातल्या नरानं पाण्यावर बुडबुड्यांचं घरटं बांधलं, मादीनं अंडी घातली, आणि पिल्लं बाहेर आली ती नेमकी आप्पांना मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी नाशिकला निघायचं होतं त्या सकाळी. आप्पांनी पिशवी खाली ठेवली.

"ऑपरेशन पुढं ढकला," ते म्हणाले.

"आप्पा, ती माशांची पिल्लं आहेत. नातवंडं नाहीत," आमचे हे म्हणाले.

"नातवंडांना आईबाप आहेत! यांना कोण आहे?"

"मी आहे ना!" मी म्हणाले. झालं, इथंच घोड्यानं पेंड खाल्ली.

आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. शंभराची नोट पुढं करून पाच रुपयांचं तिकीट मागणाऱ्या पॅसेंजरकडं ते असंच बघत असणार.

"नीट ऐक, सुनबाई. आईला मी बरणीत काढलंय, ती पोरं खाते. आता बाप सांभाळतोय. पोरं सध्या शेपूट खाली करून लोंबकळतायत. ती आडवी पोहायला लागली की बापालाबी काढ. मग तोसुद्धा खातो."

"काय घराणं आहे!"

"उकडलेल्या अंड्याचं पिवळं, फडक्यातनं गाळून, सुईच्या टोकावर राहील एवढंच घालायचं. नळाचं पाणी नाय घालायचं, त्यात औषध असतं. आणि जास्त माया करू नको!"

गाडी सुटली. आता तुम्हीच सांगा, पहिले सहा महिने फक्त आईचं दूध हे मी घरोघरी घसा कोरडा होईपर्यंत सांगत फिरते. इथं आई बरणीत, बापाचा भरवसा नाही आणि खाणं काय, तर सुईच्या टोकावर! म्हातारी माणसं हात आखडता घेतात हा माझा जुना अनुभव. मी शेजारच्या रेहानाखालांकडून अंडी आणली, अर्ध्या अंड्याचं पिवळं गाळलं आणि ‘खा रे बाळांनो’ म्हणत टबात सोडलं.

पिल्लांनी ते खाल्लं की नाही, मला दिसलं नाही. पिल्लं होती केसाच्या तुकड्याएवढी. (मला चाळिशी लागलीय असं डॉक्टर म्हणतात. मी म्हणत नाही.) खाल्लं नाही असं वाटून मी संध्याकाळी उरलेलं अर्धंही घातलं. पिल्लं आडवी पोहायला लागल्यावर बापालाही बरणीत काढलं आणि खुराक वाढवला. अंगणवाडीतलं एखादं पोर जेवत नसेल तर आपण खाण्यात बदल करतो, म्हणून मग नागलीचं सत्त्वही सुरू केलं. पाणी ताकासारखं झालं. मग त्या ताकाला वास यायला लागला, आणि तो वास भिंत ओलांडून पलीकडं गेला.

"अगं बाय," रेहानाखाला नाकाला ओढणी लावून दारात आल्या, "घर में क्या मर गया?"

"खाला, असं अभद्र बोलू नका! बाळं आहेत."

"बाळं हायत तर आंघोळ घाल ना त्यांना!"

आंघोळ! हे मला कसं सुचलं नाही? नळाचं पाणी चालत नव्हतं. पण परसात पन्हाळीखाली पावसाचं पिंप होतं. मी एक नवा टब घेतला, पिंपातलं स्वच्छ पाणी त्यात ओतलं आणि ताकातली जी जी पिल्लं दिसली ती वाटीनं उचलून नव्या घरी नेली. न दिसलेली गेली असं मी धरून चालले. त्यांच्यासकट तो घाण टब ओतून टाकायचा माझा धीर होईना, म्हणून तो परसातल्या पेरूखाली ठेवला, मांजराच्या भीतीनं वर जुनं सूप टाकलं आणि देवाला हात जोडून आत आले.

दुसऱ्या दिवशी जव्हारला आमची मासिक बैठक होती. आमच्या सुपरवायझर मॅडम काहीतरी महत्त्वाचं सांगत होत्या आणि माझा फोन वाजला. आप्पा! डोळ्यावर पट्टी, नाशिकला नणंदेच्या घरी आडवे पडलेले, त्यांना दुसरा उद्योग काय? मी पदर तोंडावर धरून हळूच बोलायला लागले. पण आप्पांना कमी ऐकू येतं. (कंडक्टरकीत कान गेले.) त्यामुळं आवाज वाढवावा लागला.

"हो, आप्पा, पोरं बरी आहेत... नाही, सगळी नाही उरली... आई? आईला बरणीत ठेवलंय ना!"

बैठकीतल्या सगळ्या माना माझ्याकडं वळल्या.

"बापालाही काढलं... हो, दुसऱ्या बरणीत! त्याचं तोंड बघा ना कसं, पोरं खायलाच टपलेला... पोरांना परवा फडक्यातून गाळून घातलं होतं. आता पिंपात... नाही हो, पिंपातलं पाणी!"

फोन ठेवून वर बघते तर मॅडम उभ्या होत्या. त्यांचा चेहरा खडूसारखा पांढरा झाला होता.

"ताई," त्या अगदी सावकाश म्हणाल्या, "कुठल्या घरातली केस आहे ही?"

"आमच्याच, मॅडम."

मग माशांपासून सुरुवात करून सगळं सांगावं लागलं. सगळ्या सेविका डोळे पुसपुसून हसल्या. तेव्हापासून मोखाड्यापर्यंत माझ्या घराला ‘माशांची अंगणवाडी’ म्हणतात. मॅडम मात्र हसल्या नाहीत. त्या पाणी प्यायल्या.

इकडं नव्या टबात मात्र नवल घडलं. आधी दोन दिवस पिल्लं कमी कमी होत गेली. आप्पा परत आले आणि टब रिकामा दिसला तर हा माणूस पुन्हा ‘हं’वर जाणार, या विचारानं मला जेवण जाईना. मी नागलीचं सत्त्व घालत राहिले, देवाला सांगत राहिले. आणि एका सकाळी बघते तो टबात नुसती वळवळ! मी आनंदानं फोन लावला.

"आप्पा, पोरं वाढली!"

"मोठी झाली?"

"मोठी झाली आणि जास्तही झाली!"

पलीकडं आप्पांनी घसा खाकरला.

"सुनबाई, बाप बरणीतच हाय ना?"

"हो, आप्पा. आधी लपली असतील, आता बाहेर आली! आणि इतकी खेळकर आहेत, आता शेपूट वर आणि डोकं खाली करून लोंबकळतात!"

"वर?" आप्पा म्हणाले. पण तेवढ्यात रेंज गेली. आमच्याकडची रेंज भली आहे, माणसाला वेळेवर वाचवते.

आप्पा काळा चष्मा लावून घरी आले. पायातल्या वहाणासुद्धा न काढता ते टबापाशी जाऊन उकिडवे बसले. रेहानाखाला कौतुक बघायला भिंतीपलीकडून आल्या होत्या. मी, बारशाला पाळण्याशेजारी उभी राहते तशी, पदर सावरून उभी. आप्पांनी चष्मा काढला आणि नव्या डोळ्यानं टबात निरखून पाहिलं. खूप वेळ पाहिलं.

"सुनबाई," ते म्हणाले, "यातलं एक उडालं."

"उडालं म्हणजे?"

"उडालं म्हणजे उडालं. हे बघ, दुसरं माझ्या हातावर बसलंय. चावतंय."

मंडळी, डास! परसातल्या पिंपातून आणलेली डासांची पिल्लं! ज्या बाईनं आख्ख्या पाड्याला ‘पाणी साठू देऊ नका’ म्हणून सळो की पळो करून सोडलं, तिनं स्वतःच्या घरात, स्वतःच्या हातानं, नागलीचं सत्त्व घालून डास वाढवले होते. आणि काय बाळसं धरलं होतं मेल्यांनी!

आप्पा तसेच बसून राहिले. मी म्हटलं, "आप्पा, चहा टाकू?"

"हं," ते म्हणाले.

त्या ‘हं’नं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी स्वयंपाकघरात जाऊन खरोखरच रडले. आप्पांनी ती वळवळ गाळून दोन्ही बरण्यांत घातली, आणि आईबापांनी मिनिटात तिचा फडशा पाडला. मी घातलेलं खाणं एवढ्या दिवसांत पहिल्यांदा कुणाच्या तरी अंगी लागलं. उरलेलं पाणी ओतायला आप्पा परसात गेले. आणि मग परसातून हाक आली. अशी हाक, की रस्त्यावर एसटी असती तर थांबली असती.

"सुनबाईऽऽ! इकडं ये!"

मी धावले. पेरूखालचं सूप बाजूला झालं होतं. वर पडलेल्या पावसानं टब भरून वाहिला होता, मागं राहिलेलं पाणी हिरवंगार झालं होतं, आणि त्या हिरव्या पाण्यात, अगदी आडवी, अगदी शहाण्यासारखी, माशांची पिल्लं पोहत होती. मलासुद्धा दिसावीत एवढी झाली होती!

"यांना काय घातलंस?" आप्पांनी विचारलं.

"काही नाही."

"अजिबात?"

"आप्पा, मी यांना विसरलेच होते."

"हां," आप्पा म्हणाले, आणि सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदा पोट धरून हसले. "म्हणून जगली!"

आता आमच्याकडं फायटर मासे उदंड झाले आहेत. नरानं घरटं बांधायला घेतलं की आप्पा स्वतः जाऊन माझं गाडीचं तिकीट काढतात, खिडकीची जागा धरतात आणि पिशवीसकट मला बसवून देतात. बाळंतपणाला माहेरी जायची आपल्याकडं रीतच आहे. आमच्या घरी फक्त बाळंतपण माशांचं असतं आणि माहेरी मी जाते!