चौथ्या घाण्यातलं लिंबू

हर्मिनाच्या हाताला एक खोड होती. ओलं शेवाळ समोर आलं की त्यावर लिंबू पिळल्याशिवाय तो हात थांबत नसे. प्रालँ गावच्या खाडीत तीस वर्षं तिनं दोरांवर गुलाबी शेवाळ वाढवलं, धुतलं, वाळवून विकलं. लोक ते उकळून, दूध-जायफळ घालून पितात. लिंबानं धुतलं नाही तर समुद्राचा वास राहतो आणि गिऱ्हाईक नाक मुरडतं.

मग ते मेलं तपकिरी शेवाळ आलं. दरवर्षी उघड्या समुद्रातून वाहत यायचं, खाडीवर गोधडीसारखं पसरायचं, आणि खालचे दोर गुदमरायचे. दोन वर्षांत हर्मिनाचा एकही दोर उरला नाही.

नॉर्विल नावाच्या इंजिनेरानं किनाऱ्यावर शेड टाकली ती तेव्हाच, आणि शेवाळ धुवायला हर्मिनाला कामावर घेतलं. आत माणसाएवढा पोलादी कुकर. तपकिरी शेवाळ ओलंच त्यात घालायचं, प्रचंड दाबाखाली शिजवायचं, की काळं तेल सुटतं. वाळवायचं नाही, कारण मिळणाऱ्या तेलापेक्षा जास्त गॅस नुसत्या वाळवण्यातच जळतो. हिशेब चोख होता, कुकर मात्र ऐकायला तयार नव्हता. तीन घाणे झाले. तिन्ही वेळा क्षारांनी नळ्या तुंबल्या आणि हाती चिखल आला. चौथा फसला तर शेडला कुलूप, असं राजधानीहून कळवलं होतं. म्हणजे हर्मिनाची नोकरी जाणार, आणि खाडीतली ती घाण उचलायलाही कोणी उरणार नाही. सगळं गाव जिला 'मा' म्हणतं अशा साठीच्या बाईला दुसरं काम कोण देणार?

चौथ्या घाण्याच्या दिवशी कुकर तापला, झाकणाचे बोल्ट आवळले गेले, आणि तिच्याबरोबर काम करणारी क्लोटिल्डा शेवाळ धुण्याचं पिंप रिकामं करताना ओरडली, "अगं ए हर्मिना! ही सालं कसली?"

पिंपाच्या तळाशी पिळलेल्या लिंबांचा ढीग होता. काल शेवाळ धुताना क्लोटिल्डाशी गप्पा चालल्या होत्या आणि हात आपले बाजारात न्यायला भरून ठेवलेल्या टोपल्यांतली लिंबं पिळत सुटले होते. इंजिनेरानं बजावलं होतं, नुसतं पावसाचं पाणी, दुसरं काही नाही.

"गप्प बस," क्लोटिल्डा कुजबुजली. "सालं मी डुकरांना घालते. कोणाला कळतंय?"

"मला कळतंय ना," हर्मिना म्हणाली, आणि तडक आत गेली. "इंजिनेर, मी शेवाळात लिंबू पिळलं. सवयीनं. माझं डोकं ठिकाणावर नव्हतं."

नॉर्विल गर्रकन वळला. "किती?"

"कोण मोजतंय? दोन टोपल्या असतील."

"मा हर्मिना, तुम्ही काय सरबत करत होता का?" तो डोकं धरून स्टुलावर बसला. कुकर आता उघडता येत नव्हता. दाब उतरेपर्यंत थांबणंच भाग होतं.

चार तास गेले. क्लोटिल्डानं उकडलेली हिरवी केळी आणि खारा मासा आणला. हर्मिना ताट बाजूला सारून दाबाच्या काट्याकडे बघत बसली. शेवटी काटा शून्यावर आला. नॉर्विलनं नळी उघडली. नळी तुंबली नव्हती. आधी तपकिरी पाणी आलं, मग त्यामागून दाट, काळं, चकचकीत तेल. बादली भरली. दुसरी लावली. तीही निम्मी झाली.

नॉर्विलनं बोट बुडवून बघितलं, वास घेतला आणि वेड्यासारखा हसायला लागला. "आंबटपणानं क्षार धुऊन काढले! मी नळ्या बदलत बसलो होतो, आणि..." मग त्याला आपलं साहेबपण आठवलं. आवाज चढवून तो म्हणाला, "हे असं चालायचं नाही हं, मा हर्मिना. पुढच्या वेळी लिंबं मोजून टाका. आणि आधी मला सांगा."

हर्मिना खाली फतकल मारून बसली आणि हुंदके देऊन रडू लागली.

"अगं, तेल आलं ना! मग एवढ्याशा बोलण्यानं काय रडतेस?" क्लोटिल्डा तिला हलवायला लागली.

"तुला ऐकू नाही आलं?" हर्मिना कमरेच्या फडक्यानं नाक पुसत म्हणाली. "तो म्हणाला, पुढच्या वेळी."