खुर्चीच्या कडेला

नगरच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मी नर्स आहे. गेटवरचे वॉचमन मामा दर सोमवारी बीपी मोजायला येतात. खुर्चीच्या कडेला जेमतेम टेकतात आणि कान गेटकडे लावून बसतात. साहेबांच्या गाडीचा हॉर्न वाजला, की दंडाला पट्टा असतानाच ताडकन उभे राहतात. तेव्हा गेटवर दुसरा वॉचमन असतो, तरीही.

"मामा, पाच मिनिटं मागं टेकून बसा की! आकडा उगाच चढतो."

"बसायला काय न्हाई सिस्टर. पन सवय लागली, तर तिकडं बारा तास उभं कोन ऱ्हाईल?"

त्यांच्या केबिनमधली खुर्ची साहेबांनी काढून नेली आहे. माणसं पेंगतात म्हणून.

डॉक्टरांनी त्यांना कागदावर लिहून दिलंय, मीठ कमी करा, ताण घेऊ नका. मीठ त्यांनी खरंच सोडलं.

परवाच्या सोमवारी साहेब अचानक दवाखान्यातच आले. मामांच्या आधी मीच उठले. माझंही कंत्राट मार्चपर्यंतचंच आहे. साहेब नुसती ॲसिडिटीची गोळी घेऊन गेले, तरी मी उभीच होते.

मामांनी दंडावरचा पट्टा सोडला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बसा. मागं टेकून बसा."

इतकी वर्षं बघून बघून त्यांना सगळं येत होतं. त्यांनी पट्टा माझ्या दंडाला गुंडाळला आणि बटण दाबलं.

आकडा बघून त्यांनी स्वतःची पाण्याची बाटली तेवढी माझ्यापुढं ठेवली.