थंड पाण्याचे वायरमनमामा

सत्तर-एकाहत्तर साली नगरमध्ये गीझर असलेली घरं मोजकीच, आणि त्यातले निम्मे गीझर आमच्या मामांनी जोडलेले. पण हे मामा स्वतः मात्र पौषातसुद्धा अंगावर गार पाण्याचे तांबे ओतून घेत. दात वाजायचे, ओठ काळेनिळे पडायचे, पण तोंडातून ब्र नाही. गल्लीत सगळे त्यांना वायरमनमामाच म्हणत.

पाणी हवं तेवढं तापलं की वीज आपोआप तोडणारी डबी, म्हणजे थर्मोस्टॅट, बसवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कॅम्पातल्या एका बंगल्यात तर त्यांनी साऱ्या घराला नळानं गरम पाणी फिरवलं होतं. "वीज लई आगाऊ हाय," म्हणायचे, "दार उघडं दिसलं की न इचारता आत येती."

घरी मात्र मामी चुलीपुढं फुंकणी घेऊन. शेवटी माझी आईच म्हणाली, "दादा, लोकाच्या घरी गरम पाणी आणि बायकोच्या डोळ्यांत धूर!" मामा वरमले. बंगल्यातला टाकून दिलेला गीझर त्यांनी दुरुस्त करून घरी बसवला. डबीचं झाकण तेवढं लावलं नाही. "दोन दिवस पानी कसं तापतंय बघतो, मग लावतो." लोकांकडे असं कधी केलं नसतं हो! घरचं काम ना, मग ढकला उद्यावर.

तेवढ्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी हत्यारं पुजायची, वापरायची नाहीत. पण बंगल्यात पाहुणे यायचे होते. साहेबांचा निरोप आला आणि मामा हत्यारांची पिशवी उचलून गेले. मामी ओलं हळदकुंकू आणि झेंडू घेऊन तशाच उभ्या. हत्यारंच नाहीत, मग पुजायचं काय? त्यांनी आपला गीझर पुजला. ओली बोटं थेट त्या उघड्या डबीत गेली. झटक्यानं मागे फेकल्या गेल्या म्हणून वाचल्या, पण उजव्या हाताची दोन बोटं कायमची आखडली.

संध्याकाळी मामांनी झाकण लावलं, आणि दुसऱ्या दिवसापासून त्यांचं गार पाणी सुरू झालं. कोणी समजवायला गेलं की, "माजी तेवढीच शिक्षा," एवढंच बोलायचे. आम्हाला बाई त्यांचं भारी कौतुक! मामींना काय वाटतं, हे आमच्यापैकी एकानंही विचारलं नाही. ती लाज मला अजून वाटते.

पुढल्या हिवाळ्यात मामांना ताप भरला. मी तेव्हा त्यांच्याकडे राहायला होते. तरी सकाळी न्हाणीत तांब्या वाजलाच. मामी उठल्या, दाराशी गेल्या, आणि त्यांचा चढलेला आवाज मी पहिल्यांदाच ऐकला.

"अहो, बोटं माजी गेली आन् शिक्षा तुमी ठरवली! मला इचारलं का कधी? तुमी कुडकुडता आन् हितं मला ऊन पानी पोळतंय. रोज वाटतं, माज्यापायीच चाललंय हे. बोटांचं दुखनं बरं हुतं त्यापरीस. तुमी चुकला, मीबी चुकले. आता बास करा!"

आत तांब्या खाली टेकल्याचा आवाज आला. मग दार किलकिलं झालं. सगळ्या नगरला पाणी किती तापवायचं ते सांगणारे मामा मान खाली घालून म्हणाले, "किती लावू, तूच सांग."

मामींनी दुखरा हातच पुढे केला आणि गीझरची पाणी कमीजास्त तापवायची चकती फिरवली.