रूम टेंपरेचर, सोलापूर

सरांनी दोन्ही फिल्म खिडकीच्या उजेडात धरल्या आणि म्हणाले, "शिवाप्पा, तुम्ही पावडर बदललीय. उद्यापासून मशीनला हात लावू नका."

मी कॉलेजात एक्स-रे मशीन चालवायचो. शिक्षण चौथी, पण ते मशीन माझ्याइतकं कुणाचं ऐकत नव्हतं. हा एक्स-रे हाडांचा नव्हे. केसासारख्या बारीक काचेच्या नळीत पावडर भरायची, भोवती गोल फिल्म लावायची आणि तासन्‌तास किरण सोडायचे. फिल्मवर काळे पट्टे उमटतात. आत अणू कसे रचलेत ते पट्ट्यांवरनं कळतं. चादरीत धागा तोच, पण वीण बदलली की नक्षी बदलते, तसं समजा.

सरांची पावडर व्हॅनेडियम ऑक्साईडची, लई नखऱ्याची. गार असताना वीज अडवून धरते, तापली की धातूसारखी सोडते. त्याच वेळी अणूंची वीणही बदलते. सरांनी तिच्यात चिमटीभर टंगस्टन मिसळलं होतं, म्हणजे कमी तापूनही ती बदलेल. किती कमी, तेच शोधायचं होतं. हीटर लावायच्या आधी साध्या हवेतला फोटो लागतो. पाकिटावर मी लिहायचो, 'रूम टेंपरेचर'. परदेशी पुस्तकात तसंच लिहितात म्हणे.

पहिली फिल्म मे महिन्यात, भर दुपारी, पत्र्याखाली काढली. मशीन तापून सारखं बंद पडायला लागलं म्हणून मी घरच्या चादरी भिजवून खिडक्यांना टांगल्या आणि दुसरी काढली. पहिलीत जिथं एक पट्टा, तिथं दुसरीत दोन.

"नळी तीच हाय सर. मी ती काढलीच न्हाय."

"मग एकाचे दोन कसे झाले?"

"ते तुमी सांगायचं की. शिकल्याले तुमी."

सर तांबडेलाल झाले. पुण्याहून माणूस बोलावतो म्हणाले. माझंही डोकं फिरलं. म्हटलं, आता तुमीच फिल्म भरा, तुमीच बसा. आणि चादरी माझ्या घरच्या, त्या मी उतरवून घेतल्या. दारात स्टूल टाकून बसलो. आत सर घामानं निथळत होते. त्यांनी पाणी मागितलं नाही, मी दिलं नाही.

तिसरी फिल्म सरांनीच धुतली. पट्टे परत एकेक. हुबेहूब पहिलीसारखे.

सरांनी तिन्ही फिल्म शेजारी-शेजारी मांडल्या. मग त्यांची नजर उघड्या खिडक्यांवर गेली.

"चादरी कुठं गेल्या?"

"माज्या हुत्या. नेल्या."

"त्या होत्या तेव्हा खोली किती गार होती?"

"लई. डुलकी लागायची."

सर असे उठले की खुर्ची मागं पडली. "शिवाप्पा, पावडर बदलली नाही. पावडर बदलतेय."

मग बादल्या त्यांनी भरल्या, चादरी मी टांगल्या. दोघंही चिंब. चौथी फिल्म ओलीच घेऊन सर डार्करूममधून धावत आले. एकाचे दोन! खोली तापली की पट्टा एक, गार झाली की दोन; टंगस्टननं तो बदल थेट आमच्या दुपारच्या उन्हापर्यंत खाली आणला होता. हीटर खोक्यातच राहिला.

पुण्याचा माणूस आला नाही. भिंतीवर थर्मामीटर मात्र आला. सरांनी माफी मागितली नाही, मीही चादरी परत मागितल्या नाहीत.

एवढंच सांगतो, रूम टेंपरेचर लिहिणाऱ्यानं रूम कुठली तेही लिहावं. सोलापूरची असली तर महिनासुद्धा.