उघड्या दाराचा बंगला

नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, जळालेल्या बायकांचे मृत्युपूर्व जबाब ऐकले. वयाबरोबर त्यातलं बरंचसं पुसट झालं. पण सत्तरच्या दशकातलं एक प्रकरण काही केल्या मनातून जात नाही. त्यात रक्ताचा थेंब सांडला नव्हता आणि आरोपीला शिक्षाही झाली होती. यशस्वी तपास म्हणून लोक मला त्याबद्दल विचारतात, आणि मी विषय बदलतो.

मी तेव्हा नागपुरात जुन्या शहरातल्या एका ठाण्याचा इन्स्पेक्टर होतो. विणकरांची वस्ती आमच्याच हद्दीत होती. एका सकाळी हजेरी आटोपून टपाल पाहत बसलो होतो. बाहेर हवालदार एका बाईची समजूत घालत होता. मुलगी सज्ञान, नोकरी करणारी, सांगून घराबाहेर पडलेली, यात पोलिसांचं काय काम, असं त्याचं म्हणणं होतं आणि कायद्यानं ते बरोबर होतं. बाई मात्र जागची हलत नव्हती. शेवटी मी तिला आत बोलावलं.

पन्नाशीची विधवा होती. नवरा हातमागावर बसायचा. तो गेल्यावर तिनं दुसऱ्यांच्या मागांसाठी सुताच्या कांड्या भरून एकुलत्या एका मुलीला शिकवलं. मुलगी प्राथमिक शाळेत मास्तरीण झाली. त्या गल्लीत मास्तरीण झालेली ती पहिलीच.

"थे पळून नाही गेली साहेब," ती म्हणाली. "पळून गेली असती त मले समजलं असतं. थे घरात बसूनच गेली."

वाक्य विचित्र होतं, म्हणून मी कागद पुढं ओढून सगळं विचारलं. वर्षभरापूर्वी मुलगी संध्याकाळच्या कुठल्याशा वर्गाला जाऊ लागली होती. मनाची ताकद वाढवायचा वर्ग. आधी आईला बरंच वाटलं. पोरगी पहाटे उठे, धीटपणे बोले. मग तिनं तिखट सोडलं, मग नातेवाइकांच्या लग्नाकार्याला जाणं सोडलं, आणि पुढं आईनं हाक मारली तरी ओ देणं सोडलं. ते नाव आता माझं नाही, म्हणाली. शेवटी एका रविवारी कपड्यांची पिशवी घेऊन वर्ग जिथं भरत त्या धंतोलीतल्या बंगल्यात राहायला गेली. आई तिथं गेली तेव्हा एका सभ्य गृहस्थानं तिला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मुलीची भेटायची इच्छा नाही असं नम्रपणे सांगितलं. भांडले असते तर आपणही भांडलो असतो, पण ते लोक फार चांगले बोलले, ही त्या बाईची तक्रार होती.

स्टेशन डायरीत नोंद करून मी एका जमादाराला घेऊन बंगल्यावर गेलो. आम्हा पोलिसांना कुलूप दिसलं की गुन्हा दिसतो. इथं फाटक उघडं, पुढचं दार उघडं, मागचंही उघडं. आत पांढऱ्या कपड्यांतली दहाबारा माणसं. कोणी बँकेत, कोणी कॉलेजात, एक निवृत्त इंजिनिअरही. त्यांचे प्रमुख, ज्यांना सगळे नुसतं 'सर' म्हणत, चाळिशीचे, इस्त्रीचा सदरा, आवाज मऊ. दारावरच्या पाटीवर नावामागं 'डॉक्टर'.

मी एकेकाला बाजूला घेऊन विचारलं. प्रत्येकानं सांगितलं, "मी इथं स्वतःच्या इच्छेनं, पूर्ण जागृतीत आहे." मुलीनंही तेच सांगितलं, त्याच शब्दांत, नजर माझ्या खांद्यावरून पलीकडे ठेवून. खरं बोलणारी दोन माणसं कधी एकाच शब्दांत बोलत नाहीत, हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षीच कळलेलं. पण सारखं बोलणं हा काही दंडविधानात गुन्हा नाही. वरिष्ठांनी अर्ज निकाली काढायला सांगितलं, आणि त्यांच्या जागी असतो तर मीही तेच सांगितलं असतं.

आई मात्र येत राहिली. ठाण्याच्या व्हरांड्यात बसायची, काही मागायची नाही.

मग खबर आली, ती खबऱ्याकडून नव्हे. एका दुपारी एक कारकून स्वतःच आला. अंगात ताप, बोलता बोलता खोकत होता. बंगल्यातून निघून आलो, म्हणाला. त्याला छातीचा क्षय होता आणि सरांनी त्याची औषधं बंद करवली होती. रोग शरीरात नसून जुन्या नावात आहे, ते सुटलं की रोगही सुटेल, असं सांगून. डॉक्टर म्हणवणारा माणूस सांगतो म्हटल्यावर यानं ऐकलं.

फिर्याद तर मिळाली. पण मला हवं होतं ते दुसरंच. दार उघडं असताना माणसं तिथं राहतात कशी? ते सांगायला तो तयार होईना. आधी त्याला दवाखान्यात दाखल केलं. मग मी रोज जाऊन त्याच्या खाटेशी बसू लागलो. माणूस घाबरलेला असला की धीर दिल्यावर बोलतो. लाजलेला असला की धीरानं काही होत नाही, त्याच्याजवळ नुसतं बसावं लागतं.

थोडं थोडं करून तो बोलला. खात्याच्या परीक्षेसाठी स्मरणशक्ती वाढवायची म्हणून तो तिथं गेला होता. पहिली व्याख्यानं फुकट असत आणि खरोखर चांगली असत. सर त्या गर्दीतून माणसं हेरत. नुकतंच ज्याच्या घरी कोणी वारलंय, जो परीक्षेत नापास झालाय, जी मुलगी आपल्या घरात एकटीच शिकलीय आणि जिचं बोलणं घरच्यांना आता कळेनासं झालंय. अशाला बाजूला घेऊन सांगत, तुझ्यात काही वेगळं आहे, पण हे घरी बोलू नकोस, त्यांना झेपणार नाही. आयुष्यात पहिल्यांदा कोणी आपल्याला वेगळं म्हटलं की माणूस ते घरी सांगतच नाही. तिथून पायऱ्या सुरू. प्रत्येक पायरीला एक नवं गुपित, एक नवं नाव. आणि वरच्या पायरीला ज्याला ते 'मन धुणं' म्हणत तो प्रकार. सगळ्यांसमोर उभं राहून आधी स्वतःची सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट सांगायची. मग घरच्यांची.

"सर उघडं करतील म्हणून भीती वाटते?" मी विचारलं.

"नाही साहेब. ते काहीच करत नाहीत." तो भिंतीकडं पाहत बोलला. "मी माह्या आईबद्दल जे बोललो ना, आता मले तिच्या हातचं जेवता येत नाही. तिले काही माहीत नाही. थे डबा घेऊन येते, अन् मी झोपल्याचं सोंग करतो."

बंगल्याला कुलूप का नव्हतं ते मला तेव्हा कळलं. त्या माणसांना आत कोंडलेलं नव्हतं, त्यांचं घरच बंद करून टाकलेलं होतं.

सरांना अटक केली. दोन दिवस ते शांतपणे माझ्यासमोर बसले. चौकशी मी करत होतो, पण ऐकत ते होते. मी दमलो की त्यांना कळे. एकदा म्हणाले, साहेब, तुमचं मन कुणाजवळ मोकळं झालेलं दिसत नाही. खोटं कशाला सांगू, क्षणभर त्या माणसाला उत्तर द्यावंसं वाटलं. मी उठून चहा सांगितला. मोठ्या प्रश्नांवर ते पक्के होते, म्हणून मी छोटे विचारले. कोणत्या कॉलेजात शिकलात, वसतिगृह कुठं, शवविच्छेदन शिकवायला कोण होतं. तिथं गडबडले. कॉलेजाकडून लेखी उत्तर आलं की या नावाचा विद्यार्थी आमच्याकडं कधी नव्हता. गृहस्थ मूळचे औषध कंपनीचे विक्रेते निघाले. फसवणूक आणि जिवाला धोका, दोन्ही कलमं लागली. कागदांवर सही करताना ते एवढंच म्हणाले, "मी कुणाला धरून ठेवलेलं नाही. न्या त्यांना घरी."

मी तेच करायचं ठरवलं. जबाबासाठी एकेकाला ठाण्यात बोलावलं. काहींचे आईबाप आले आणि हात धरून घेऊन गेले. एका बापानं मुलाला माझ्यासमोर थोबाडीत मारली. मी ओरडणार होतो, तोवर तो मुलगा बापाला मिठी मारून रडायला लागला.

मुलीसाठी मुख्यालयातून महिला शिपाई मागवली होती. ती तिच्याशी शाळेविषयी, पोरांविषयी बोलत बसली. दुपारपर्यंत मुलीची नजर माझ्या खांद्यावरून खाली उतरली. आई अजून कांड्या भरते का, तिनं विचारलं. मग हळूच म्हणाली, "मी तिच्याबद्दल तिथं काय सांगितलं, ते आईले समजलं का?"

काय सांगितलं होतं ते मला कारकुनाकडून कळलेलं होतं. इथं लिहिणार नाही. आईला काही माहीत नाही आणि माझ्याकडून कळणारही नाही, असं मी तिला वचन दिलं. शेवटी ती घरी जायला तयार झाली. मी लगेच एका शिपायाला आईला आणायला वस्तीत पिटाळलं. आपण जिंकलो असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

आई आली ती अंघोळ करून, धुवट लुगडं नेसून, डोक्यावरून पदर घेऊन. मुलगी बाकावरून उठली. आईनं दारातून तिचं ते पांढरं पातळ पाहिलं, सरळ पुढं आली आणि तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

आपल्याकडं पोटचं पोर संन्यासी झालं तर आईबापही त्याच्या पाया पडतात. त्या बाईला गल्लीतल्या लोकांनी मुलगी गेल्यापासून हेच ऐकवलं होतं, तुझी पोरगी देवाची झाली. ती बराच वेळ तशीच वाकून राहिली. ती उठली तेव्हा मुलीचा चेहरा पुन्हा बंगल्यातल्यासारखा झाला होता.

"आता घरी जाऊन काही उपयोग नाही साहेब," ती म्हणाली. "सरांनी सांगितलं होतं. जन्म देणारी पाया पडली की नातं फिटते." तिनं आईला नमस्कार केला नाही, आणि जबाबावर सही करून बाहेर पडली. सज्ञान मुलीला अडवायला माझ्याकडं कलम नव्हतं.

आई तिथंच उभी होती. मी विचारलं, असं काहून केलं माय?

"मी त तिले मनवाले आली होती," ती म्हणाली. "देवाले काही मागाचं असलं त माणूस पहिले पायाच पडते ना."

सरांना शिक्षा झाली. कारकून बरा झाला, आणि आईच्या हातचं जेवू लागला असं त्यानं मला पुढं येऊन सांगितलं. मुलगी उरलेल्या काही जणांबरोबर जबलपूरकडे गेली. तिथं सरांच्या एका शिष्यानं वर्ग सुरू केले होते. मी तिकडच्या पोलिसांना कळवलं. उत्तर आलं की सर्वजण स्वेच्छेनं राहतात.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, असं विचाराल तर एवढंच सांगतो. अशा मंडळांकडं मूर्ख माणसं जातात हा समज काढून टाका. हुशार जातात, एकटी पडलेली जातात. तुमच्या घरातलं पोर असं परकं बोलू लागलं तर त्याच्यावर रागवा, भांडा, रडा, जेवायला वाढून ताटासमोर बसवा. हात जोडू नका, मोठं करू नका. त्याला मोठं करणारे तिकडं पुष्कळ असतात. त्याला लहान समजणारं माणूस फक्त घरी असतं. मला हे समजलं तेव्हा त्या बाईच्या उपयोगाचं राहिलं नव्हतं, याचं फार वाईट वाटतं.

निवृत्तीनंतर एकदा ती मला बाजारात भेटली. थकली होती, पण तिनं मला ओळखलं. मुलीची खबर नव्हती. घरच्यांची चौकशी करून झाल्यावर ती आपणहून त्या दिवसाचं बोलली. म्हणाली, "मी पाय धरले ना साहेब, तवा थे थरथरून राहिली होती. मले वाटलं तिच्या आंगात आलं. म्हून मी डोस्कं वर नाही केलं."

ती वाकलेली असताना मी मुलीसमोर उभा होतो. मुलगी रडत होती, आणि आईला उठवायला तिचे दोन्ही हात खाली गेले होते. आई उठेना, तेव्हा ते हात हळूहळू मागं गेले. हे मी त्या बाईला सांगितलं नाही. तिची भाजीची पिशवी रिक्षापर्यंत नेऊन दिली आणि घरी आलो.