नदीकडची बाजू

म्बेवे सरांच्या घरातलं पातेलं एवढंसं होतं की त्यात मक्याची न्शिमा घाटायला घेतली तर लाकडी उलथनंही धड फिरायचं नाही. एकट्या माणसाची न्शिमा, तिच्यात गुठळ्या ठरलेल्याच. आमच्या दोघांच्या घरांत एकच भिंत. त्यांचं उलथनं पातेल्यावर आपटलं की मला इकडे ऐकू यायचं आणि माझा जीव वरखाली व्हायचा. मी तोंडावर सांगायची, "सर, मक्याच्या पिठाला माणसं लागतात." त्यावर ते म्हणायचे, "बाई, पिठाला पाणी लागतं," आणि वाळक्या कापेंटा मासळीचं ताट घेऊन दाराशी बसायचे. आमच्याकडे ताट एक आणि हात पाच-सहा अशी रीत. त्यांच्या ताटात बावीस वर्षं एकच हात होता.

मी मालिता न्जोवू, या शाळेची कारकून. दाखले, हजेऱ्या, गुणांच्या याद्या, प्रश्नपत्रिका टाइप करणं, सगळं माझ्याच गळ्यात. लुफेयो म्बेवे लुंडाझीकडून लुआंग्वा नदीच्या खोऱ्यात आले ते गणिताचे मास्तर म्हणून, दोन वर्षांच्या नेमणुकीवर. बायको नर्स होती. पहिल्याच पावसाळ्यात दोन्ही मुलींना ताप भरला आणि ती त्यांना घेऊन चिपाटाला निघून गेली. सर म्हणाले, ही बारावी मार्गी लावतो आणि येतो. मग पुढची बारावी आली. बारावी दरवर्षीच येते हो, एवढा साधा हिशेब गणिताच्या माणसाला जमू नये? चार-पाच वर्षांनी बायकोने विचारणंच सोडलं. भिंतीवर मुलींचा फोटो होता, एक सहा वर्षांची, एक चार. त्या पोरी आता नोकरीला लागल्यात, पण सरांच्या भिंतीवर त्या तेवढ्याच राहिल्या.

शिकवायचे मात्र जीव ओतून. बारावीला विकलन शिकवायची वेळ आली की अख्खा वर्ग शाळेमागच्या मोठ्या वारुळाकडे न्यायचे. स्वतः वर चढायचे, टाय सावरायचे आणि विचारायचे, "मी उंचावर आहे का?" पोरं ओरडायची, हो सर. मग ते पश्चिमेला बोट दाखवायचे. तिथे मुचिंगाचा कडा निळा दिसतो. "तो कडा मला हसतोय. मी सगळ्यांत उंच आहे तो फक्त आसपासच्या जमिनीत. म्हणून याला स्थानिक महत्तम म्हणायचं." मग पायाखाली पट्टी आडवी धरायचे. माथ्यावर चढ शून्य होतो, पट्टी सपाट बसते. पण खड्ड्याच्या तळालाही ती सपाटच बसते. तेव्हा शून्य आलं म्हणून नाचू नका, जरा डावीकडे बघा, जरा उजवीकडे बघा. चढून आलात आणि पुढे उतार लागला तर माथा. उतरून आलात आणि पुढे चढ लागला तर तळ. आम्ही ऑफिसच्या खिडकीतून हसायचो. पण खरं सांगते, मला सातवीनंतर गणित कधी कळलं असेल तर ते त्या वारुळावरचं.

त्यानंतर एक प्रश्न ठरलेला. सराव परीक्षेत तो दरवर्षी असायचा, बावीस वर्षं मीच टाइप केला, पाठ आहे मला. एका शेतकऱ्याजवळ दोनशे मीटर तार आहे. त्याला सरळ वाहणाऱ्या नदीच्या काठी आयताकृती मळ्याला कुंपण घालायचं आहे. नदीच्या बाजूस कुंपणाची गरज नाही. जास्तीत जास्त क्षेत्रफळासाठी लांबी-रुंदी काढा. गुण चार.

शाळेपासून अर्ध्या कोसावर लुआंग्वा वाहते. तिच्यात पाणघोडे इतके, की दुपारच्या तासाला त्यांचं घुरघुरणं वर्गात ऐकू येतं. पण पेपरातली नदी वेगळी आणि ही वेगळी, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. सरांना काय बोलू, बोटं तर माझीच चालत होती त्या मशीनवर.

झेलिपा न्खोमा त्या वर्षी बारावीला होती. बाप नव्हता, आई दुसऱ्या घरी गेलेली. ती आजीबरोबर नदीकाठचा मळा करायची. या आजीला सगळं गाव अम्बुयाच म्हणतं. मळ्यापायी झेलिपाच्या निम्म्या हजेऱ्या बुडायच्या, बाकी गणितात ती यथातथाच. पण वारुळाचा धडा तिला पक्का कळला होता. सराव परीक्षेत तिने तो प्रश्न सोडवला आणि चारही बाजूंना तार लावली. बाजू पन्नास, बाजू पन्नास, क्षेत्रफळ अडीच हजार. चढ शून्य कुठे होतो ते काढलं होतं, तो माथाच आहे हेही तपासलं होतं, एक पायरी चुकली नव्हती. खाली एक ओळ लिहिली होती: नदीकडूनही कुंपण घातलं आहे.

सरांनी शून्य दिलं.

उत्तर शंभर गुणिले पन्नास, म्हणजे पाच हजार हवं होतं. झेलिपाला एकूण सदतीस पडले. आमच्या शाळेचा नियम असा, की सरावात गणितात चाळीस नाहीत तर अंतिम परीक्षेला नाव पाठवायचं नाही. यादी टाइप करताना माझे हात थांबले. मी पेपर उचलला आणि तडक सरांकडे गेले. म्हटलं, हे चार गुण द्या, पोरीचं वर्ष जातंय, तिचा मामा तिला पर्यटकांच्या लॉजच्या धोबीखान्यात लावायला टपून बसलाय. सर म्हणाले, प्रश्नात दिलंय ते दिलंय. मी म्हटलं, तिचा बाप कसा गेला ते ठाऊक आहे ना तुम्हाला? पहाटे मळ्यातून परत येत होता, पाणघोडा आणि पाणी यांच्या मध्ये सापडला. तुम्ही मयताला आला होतात, माझ्याच शेजारी उभे होतात.

त्यांनी पेपर माझ्या हातात परत दिला. मग म्हणाले, "बाई, त्याचा या प्रश्नाशी संबंध नाही."

माझं डोकं असं फिरलं! त्यांच्याशी चार दिवस बोलले नाही. यादी गेली. झेलिपाचं नाव त्यात नव्हतं.

पाचव्या दिवशी सर स्वतःच माझ्या दारात आले. म्हणे, तिला तिची चूक समजावून द्यायला हवी, मळ्यावर चला, एकट्याने मुलीच्या घरी जाणं बरं दिसत नाही. मी गेले, पण तोंड फुगवूनच. झेलिपा धोबीखान्यात लागलीसुद्धा होती. मळ्यात अम्बुया एकटीच भोपळ्याचा पाला खुडत होती. सर जाऊन उभे राहिले आणि बघतच राहिले. मळ्याला तीन बाजूंनी काही म्हणजे काही नव्हतं. फक्त नदीकडच्या बाजूला मोपाने झाडाच्या दांडक्यांचं कुंपण होतं, या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि तेही जेमतेम गुडघाभर उंच.

सर म्हणाले, एवढ्याशा कुंपणाने काय होणार? अम्बुया म्हणाली, पाणघोडा पाय उचलत नाही, त्याला गुडघाभर पुरतं. ज्या रात्री तिच्या मुलाचा, म्हणजे झेलिपाच्या बापाचा, पाय दुखत होता आणि मोडलेली दांडकी तशीच राहिली, त्याच रात्री पाणघोडा आत आला. हे ती पाला खुडता खुडता सांगत होती. मग सरांनी वही काढली, आकृती काढून दाखवली, की पुस्तकात नदीकडची बाजू मोकळी सोडतात, म्हणून तुमच्या नातीचं उत्तर चुकलं. म्हातारीने ती आकृती नीट बघितली.

"मास्तर," ती म्हणाली, "नदीकडून कुणी येत नाही, हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

सरांनी वही मिटली. ते कुंपणापाशी गेले, एक निखळलेलं दांडकं उचललं, जागेवर बसवलं. परत येताना वाटेत एकदाच बोलले. "बाई, गणित तिचं बरोबर होतं. नदी माझी चुकली." मला वाटलं होतं, हे ऐकून माझा राग जाईल. गेला नाही. उलट रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ते हेडमास्तरांकडे गेले. यादी लुसाकाला परीक्षा मंडळाकडे पोचली होती, आता काही होत नाही, असं हेडमास्तरांनी सांगितलं, आणि बावीस वर्षांत तुम्ही कधी गुण बदलले नाहीत ते आताच कसे बदलता, असंही विचारलं. मग सर धोबीखान्याच्या फाटकाशी गेले. झेलिपा चादरींचं गाठोडं घेऊन बाहेर आली. पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षेला बस, मी शिकवतो, असं सर म्हणाले. झेलिपाने गाठोडं खालीसुद्धा ठेवलं नाही. नको सर, म्हणाली, काम आहे.

तेव्हापासून दर शनिवारी सर अम्बुयाच्या मळ्यावर जायला लागले. मोपानेची दांडकी तोडून खांद्यावरून न्यायचे आणि नदीकडचं कुंपण नीट करायचे. गणिताचं अवाक्षर नाही. गावातल्या रिकाम्या तोंडांनी त्यातही काहीतरी काढलंच. मी बाजारात उभी राहून सांगितलं, म्हातारी तिथे दिवसभर बसलेली असते, ज्याला संशय असेल त्याने दांडकी उचलायला जावं. तोंडं बंद झाली. झेलिपा शनिवारी कामावर असायची, तिची-त्यांची गाठ पडत नव्हती. सर एक जुनं गणिताचं पुस्तक अम्बुयाच्या ओट्यावर ठेवून येत. पुढच्या शनिवारी ते तिथेच असे. "पान उलटलेलं दिसत नाही," असं मला सांगायचे. मी म्हणायची, तुम्हाला कसं कळतं? म्हणे, वर बसलेल्या धुळीवरून. नंतर नंतर मी विचारणं सोडलं. नवा वर्ग आला तेव्हा त्यांनी माझ्याकडून प्रश्न बदलून टाइप करून घेतला: नदीच्या बाजूसही कुंपण हवं.

आणि मग पुढल्या वर्षी ऑक्टोबरात, ऊन नुसतं भाजून काढत असताना, झेलिपा माझ्या टेबलासमोर येऊन उभी राहिली. हातात निकाल. तिने कुणाला न सांगता बाहेरून परीक्षा दिली होती, धोबीखान्यातल्या एका बाईच्या मुलाची पुस्तकं घेऊन. गणितात पास. लुसाकाला नर्सिंगला नाव लागलं होतं, तिला फक्त दाखल्यावर शिक्का हवा होता. मी शिक्का बाजूला ठेवला आणि धावत जाऊन सरांना वर्गातून ओढून आणलं. हाताला खडू तसाच.

"सर, तोच प्रश्न आला होता," झेलिपा म्हणाली. "नदीकाठचा."

सरांचा चेहरा असा झाला, की मला बघवेना. त्यांनी विचारलं, "काय लिहिलंस?"

"शंभर गुणिले पन्नास. नदीकडची बाजू मोकळी." ती हसली, अगदी मोकळं हसली. "तुमचंच बरोबर होतं, सर. तेव्हा मला उगीच बाबा आठवले. पेपरात नदी नसतेच."

सर म्हणाले, "पूर्ण गुण." ती दोघांपुढे गुडघे टेकून, टाळ्या वाजवून आमच्या रीतीने निरोप घेऊन गेली. गुरुवारच्या बसने लुसाकाला गेलीसुद्धा.

ती गेल्यावर सर माझ्यासमोरच्या बाकावर बसले. शाळा सुटली, पोरं गेली, तरी बसून होते. मी म्हटलं, आता तरी खूश व्हा, पोरगी मार्गी लागली. ते म्हणाले, "बाई, तिनं मला माफ केलं असतं तरी चाललं असतं, शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. तिनं मला बरोबर ठरवलं." त्यांना हुंदका फुटला. इतक्या वर्षांत भिंतीपलीकडून मी त्यांचं खोकणं ऐकलं, उलथनं ऐकलं, हे कधी ऐकलं नव्हतं. मला उठून त्यांच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला. नाही ठेवला. आमच्यात तशी सवय नव्हती.

उठताना म्हणाले, प्रश्न पूर्वीसारखा करा. अंतिम परीक्षेत तो तसाच येतो, पोरांचे चार गुण जायला नकोत.

शनिवारी मी मोठ्या पातेल्यात न्शिमा घाटली, भेंडीचं देलेले, म्हणजे बुळबुळीत कालवण, केलं आणि त्यांना हाक मारायला गेले. दाराला कडी होती. दूर नदीच्या वाटेवर ते जाताना दिसले, खांद्यावर दांडकी. मी ऑफिस उघडलं, मशीनवर कागद चढवला आणि टाइप केलं: नदीच्या बाजूस कुंपणाची गरज नाही.